बोकडतोंड्या पॅन: रंगातला आणि संगमरवरातला

ग्रीकांचा पॅन म्हणजे रानावनाचा, धनगरांचा देव. त्याची दोन रूपं शेजारी ठेवून बघावीत.

पहिलं बॉस्टनच्या संग्रहालयातल्या मद्यपात्रावर, सुमारे इ.स.पू. ४७० चं. पर्शियनांविरुद्धच्या मॅरेथॉनच्या लढाईनंतर (इ.स.पू. ४९०) अथेन्सने पॅनची पूजा नुकतीच सुरू केली होती. इथे त्याचं डोकं चक्क बोकडाचं आहे. तो एका तरुण गुराख्यामागे धावतोय. गुराखी हातात चाबूक असूनही पळत सुटलाय. पात्राच्या दुसऱ्या बाजूला शिकारीची देवी आर्टेमिस अ‍ॅक्टिऑन या शिकाऱ्याला मारते आहे. म्हणजे दोन्हीकडे रानातल्या दैवताच्या तावडीत सापडलेला माणूस!

दुसरं ग्रीसमधल्या डेलॉस बेटावर सापडलेलं, इ.स.पू. १०० च्या आसपासचं शिल्प, आता अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात. बैरूतच्या एका व्यापाऱ्याने ते अर्पण केलं होतं. पाय बोकडाचे, चेहरा मात्र माणसाचा. प्रेमाची देवी अ‍ॅफ्रोडाइटीने त्याला हाणायला चप्पल उगारली आहे आणि तिचा चिमुकला मुलगा इरॉस त्याचं शिंग धरून त्याला मागे ढकलतोय.

कारागिरी शिल्पाची सरस, यात वाद नाही. पण तिथला पॅन दिवाणखान्यातला झालाय, त्याला कुणी घाबरत नाही. मला मद्यपात्रावरचाच खरा वाटतो.