जाड फँटसीचा कणा मोडला, त्यानंतरचे काही महिने

आधी तक्रार, मग बाकीचं.

एका फँटसी मालिकेतला (जादू, तलवारी, कल्पित राज्यं) चौथा भाग, पेपरबॅक, बाराशेच्या आसपास पानं, ऑनलाइन मागवलेला. निम्म्याच्या थोडं पुढे गेले आणि कणा मधोमध उकलला. ऐन लढाईत पानांचा एक गठ्ठा सुटून मांडीवर पडला. पुस्तकाचं नाव सांगत नाही, कारण लेखकाने त्याचं काम चोख केलं होतं. विक्रेत्याचंही सांगत नाही, कारण सांगून काही होत नाही. त्यांच्या चॅटवरचा संवाद मात्र सांगते. "रिटर्नची मुदत सात दिवस होती, मॅडम." मी म्हटलं, नोकरी करून, घर सांभाळून बाराशे पानं सात दिवसांत कोण वाचतं? पलीकडून प्रश्न आला, "म्हणजे तुम्ही पुस्तक वाचलं आहे का?" हो. "मग प्रॉडक्ट वापरलेलं आहे, मॅडम." पुढच्या दोघांनीही हेच ऐकवलं. फोटो मागितले, पाठवले, "खेद आहे" आलं, विषय बंद.

तर गेल्या पावसाळ्यापासून मी जी फँटसी वाचली तिचा हा अनुभव आहे, आणि त्याची सुरुवात गोंदापासून आहे. ड्रॅगन, ऑर्क (राक्षसासारखी एक जमात), निवडलेला नायक (जगाला वाचवणं ज्याच्या नशिबी आधीच लिहिलेलं असतं), न संपणाऱ्या मालिका, हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालते.

गोंदाचं असं असतं. जुन्या पद्धतीत फर्मे (छापलेले मोठे कागद) घडी घालून दोऱ्याने शिवतात, त्याला जुजबंदी म्हणतात. पेपरबॅकमध्ये घडीची बाजू कापून टाकतात, कडा खरवडतात आणि वर गरम गोंद ओततात. म्हणजे प्रत्येक पान सुटं, नुसतं चिकटवलेलं. दोनशे पानांना हे चालतं. बाराशे पानांचा कणा मात्र उघडताना मधोमध दुमडतो आणि सगळा ताण तिथल्या तेवढ्याच गोंदावर येतो. गोंद वाळून कडक झालेला असेल तर तडकतो. हे मला आमच्या सांगलीतल्या गावभागात फायली आणि वह्या बांधणाऱ्या मामांनी समजावलं. पुस्तक हातात घेऊन ते म्हणाले, "ताई, ह्याला शिलाई न्हाईच. नुसता गोंद मारलाय." मग वजन करावं तसं वर-खाली करून, "एका पुठ्ठ्यात परत फुटणार. दोन करूया."

मी जरा घाबरले. एवढं महागाचं पुस्तक मधून कापायचं? ते टोचणी घेऊन बसले आणि मी समोर स्टुलावर. त्यांनी विचारलं, एवढं काय आहे ह्यात? मी गोष्ट सांगायला लागले. राजवंश, शाप, तीन देश, हरवलेली तलवार. बोलता बोलता लक्षात आलं की तीन भागांचा ऐवज मी एका पुठ्ठ्याला खळ लावून होईपर्यंत संपवला होता. "मग जिंकतं कोण शेवटी?" म्हटलं, अजून दोन भाग यायचे आहेत. मामा हसले, आणि दुसऱ्या पुठ्ठ्याचे पैसे वेगळे लावले.

काम मजबूत झालंय. दोष एकच: पानं सुटी असल्यामुळे बाजूने टोचून शिवावी लागली, त्यात आतला समास गेला. डाव्या पानावरच्या प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द मान वाकडी करून वाचावा लागतो. पण पुस्तकाचे दोन भाग करणं ही काही मामांची अजब कल्पना नव्हे. 'गेम ऑफ थ्रोन्स'वाल्या जॉर्ज मार्टिनचं 'अ स्टॉर्म ऑफ स्वोर्ड्स' ब्रिटनमध्ये पेपरबॅकला दोन भागांतच निघालं, पुढे 'अ डान्स विथ ड्रॅगन्स'चंही तेच. (ते २०११ चं. त्यापुढच्या भागाची वाट बघणाऱ्यांना इथून नमस्कार.) आणि टॉल्किनने 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' एक सलग कादंबरी म्हणूनच लिहिली होती. महायुद्धानंतर कागद महाग होता, म्हणून प्रकाशकाने १९५४-५५ मध्ये तिचे तीन खंड केले. त्यानंतर फँटसी म्हटलं की तीन भाग, अशी सगळ्यांची समजूतच झाली. माझं मत असं की कागदाच्या भावातून आलेल्या अडचणीला फँटसीवाल्यांनी परंपरा करून टाकलं, आणि आता तीनचे पाच, पाचाचे दहा झालेत.

त्या रागात ठरवलं की चारशे पानांच्या वरचं काही विकत घ्यायचं नाही. कणा बघून पुस्तक निवडायचं. ही निवड करायची पद्धत नव्हे हे मला कळतं.

पहिलं आलं ते श्रीलंकेच्या वज्र चंद्रसेकर यांचं 'द सेंट ऑफ ब्राइट डोअर्स'. २०२३ चं, नेब्युला (फँटसी-विज्ञानकथांचा एक मोठा पुरस्कार) मिळालेलं, चारशेच्या आत. मूल जन्मताच आई खिळ्याने त्याची सावली उपटून काढते आणि बापाला मारण्यासाठी त्याला वाढवते. बाप म्हणजे जगाने पूजलेला एक महान संत. मुलगा मोठा होतो, शहरात येतो, आणि तिथे त्याला एक मंडळ सापडतं: ज्यांना कधीकाळी 'निवडलेला नायक' म्हणून वाढवलं होतं आणि जे शेवटी निवडले गेले नाहीत, अशा लोकांच्या बैठकी. चहा-बिहा घेऊन आपापली दुःखं सांगतात. जाड मालिकांमध्ये एकच मुलगा निवडला जातो, बाकीच्यांचं काय होतं याचा विचार कोणी केला होता? घरात बुद्धचरित्र वाचून वाढलेल्या माणसाला यातला बाप लगेच ओळखीचा वाटेल आणि थोडा रागही येईल. मला आला, मग गेला. शेवटचा चौथा हिस्सा गुंतागुंतीचा आहे, दोनदा मागे जाऊन वाचावा लागला. तरी हे माझं वर्षातलं सगळ्यात आवडतं.

मग लघुकादंबऱ्या. इथे माझा काटकसरी स्वभाव उफाळून आला. ह्यूगो या तशाच दुसऱ्या मोठ्या पुरस्काराच्या नियमात साडेसात हजार शब्दांपर्यंत कथा, साडेसतरा हजारांपर्यंत दीर्घकथा, चाळीस हजारांपर्यंत लघुकादंबरी, त्यापुढे कादंबरी. म्हणजे लघुकादंबरी फार तर दीडशे पानांची. आणि किंमत? पाचशे पानांच्या कादंबरीएवढी, कधी कधी जास्तच, कारण अनेकदा आधी पुठ्ठ्याची महाग आवृत्ती काढतात. मी वहीत पानामागे किती पडतात ते मांडलं. जाड पुस्तक पानामागे साठ-सत्तर पैशांत बसलं होतं, ही पातळ पुस्तकं पाच रुपयांच्या वर. एका पानाला पाच रुपये! त्यात निम्मं पान तर प्रकरणाच्या नावाला मोकळं सोडलेलं.

'थॉर्नहेज' मी याच कुरकुरीत वाचलं. टी. किंगफिशर हे अर्सुला व्हर्नन यांचं टोपणनाव, या पुस्तकाला २०२४ चा ह्यूगो. निद्रिस्त राजकन्येची गोष्ट, पण काट्यांच्या कुंपणाबाहेर पहारा देणाऱ्या परीच्या बाजूने. राजकन्या जागी होऊ नये म्हणून ती शतकानुशतकं तिथे थांबली आहे. मग एक सरदार येतो, मुसलमान आहे, अतिशय सभ्य, आणि दोघंही इतकी संकोची की आधी कोण बोलणार यातच पानं जातात. तीन तासांत संपलं. आवडलं, आणि संपल्यावर पहिला विचार आला तो पैशांचा.

इथपर्यंतचं लिहून ठेवलं होतं, मग मधे कितीतरी आठवडे गेले. आता पुढचं.

पानामागे रुपयाचा हिशोब निम्मा मागे घेते. कारण नी व्हो यांची 'सिंगिंग हिल्स' मालिका. मालिका हा शब्द ऐकून मी लांबच राहिले होते, पण हिचे भाग कुठूनही वाचता येतात, प्रत्येक गोष्ट तिथल्या तिथे पुरी होते. चिह नावाची भिक्खूसारखी एक व्यक्ती गावोगाव फिरून गोष्टी गोळा करते, सोबत सगळं लक्षात ठेवणारा एक बोलका पक्षी. पहिल्या भागात (२०२१ चा ह्यूगो) एका हद्दपार सम्राज्ञीची कथा तिच्या घरात सापडलेल्या वस्तूंच्या यादीतून उलगडते. फासे, कपडे, मीठ. एकेक वस्तू, आणि तिच्यामागे दासीने सांगितलेली हकीकत. लढाई होते, राज्य पालटतं, आणि ते सगळं दासीच्या दोन वाक्यांत येऊन जातं. जाड पुस्तकात त्याला तीनशे पानं लागली असती आणि मला एकाही शिपायाचं नाव आठवलं नसतं.

दुसऱ्या भागात वाघिणी चिहला घेरतात. रात्रभर एक जुनी प्रेमकथा सांगून त्यांना थोपवायचं, आणि वाघिणी दर थोड्या वेळाने अडवतात, "हे असं झालंच नव्हतं, माणसांनी खोटं लिहिलंय." गावात एकच लग्न दोन घरांतून ऐकलं की जी मजा येते ती यात आहे. हे मी पुन्हा पुन्हा वाचलंय, मोठ्यानेही. मामांनी बांधलेल्या दुसऱ्या पुठ्ठ्यातली लढाई मात्र अजून तशीच अडकून पडली आहे. कपाटाजवळून जाताना काही वाटतही नाही, याचंच आश्चर्य वाटतं.

बाकी चालू फॅशनबद्दल थोडक्यात. भाचीच्या आग्रहाने रेबेका यॅरोसचं ड्रॅगनस्वारांचं प्रेमप्रकरण वाचलं. जानेवारी २०२५ मध्ये तिसरा भाग आला तेव्हा पहिल्या आठवड्यात २७ लाख प्रती खपल्या. वेग आहे, कबूल. पण या प्रकारात पुस्तकांच्या कडा रंगवण्याची जी टूम निघाली आहे तिचं काय करायचं? भाचीच्या शेल्फवरची मी उलटसुलट करून पाहिली. कडांवर सोनेरी वेलबुट्टी, आणि कणा? गोंदच. रंगाऐवजी दोरा वापरा ना. ट्रॅव्हिस बाल्ड्रीचं 'लेजंड्स अँड लाटेज' (तलवार टाकून कॉफीचं दुकान काढणारी ऑर्क बाई) छान, हलकं, दुपारी वाचावं असं. त्यानंतर दुकान काढणाऱ्यांची जी रांग लागली आहे ती पुरे आता.

खरा सुखद धक्का फुकटातला. इंग्रजी कथामासिकं जालावर मोफत वाचायला मिळतात हे मला माहीत होतं, पण फोनवर कथा वाचायची मला चीड होती. आता सवय झाली. 'बिनीथ सीसलेस स्काइज' २००८ पासून दर पंधरवड्याला निघतं आणि फक्त वेगळ्या जगातल्या फँटसी कथा छापतं. 'अनकॅनी' २०१४ पासून, द्वैमासिक. 'क्लार्क्सवर्ल्ड' दर महिन्याला, तिथे कथेसोबत शब्दसंख्याही देतात, त्यामुळे कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत कोणती बसेल ते आधीच कळतं. दिवाळी अंकांवर पोसलेल्या वाचकाला कथा हा पोटभर प्रकार आहे हे सांगावं लागत नाही. फक्त इथे दिवाळी बारा महिने आहे आणि मधे जाहिराती नाहीत.

त्यातली एकच सांगते. सारा पिन्स्कर यांची 'व्हेअर ओकन हार्ट्स डू गॅदर', 'अनकॅनी'मध्ये २०२१ साली आलेली, ह्यूगो आणि नेब्युला दोन्ही. कथा म्हणजे एका जुन्या लोकगीताचे शब्द आणि त्याच्या एकेका कडव्याखाली हौशी लोकांनी टाकलेल्या टिपा. कोणी पाठभेद सांगतो, कोणी दुसऱ्याला चुकीचं ठरवतो, एकजण गाण्यातलं गाव शोधायला इंग्लंडला जातो. निवेदन नाही, वर्णन नाही, नुसत्या टिपा, आणि तरी अंगावर काटा येतो. वाचल्यावर मी कितीतरी वेळ आपल्या जात्यावरच्या ओव्यांचा विचार करत होते. हेमा राइरकर आणि गी पॉइतवँ यांच्या कामातून लाखभर ओव्या जमा झाल्या आहेत, गाव आणि गाणाऱ्या बाईच्या नावासकट. मराठीत अशी कथा लिहायला कच्चा माल तयार आहे. लिहा कोणीतरी, मी दिवाळी अंक विकत घेईन, लायब्ररीतून आणणार नाही.

फुकटाचं एक टोचतंय. फेब्रुवारी २०२३ मध्ये 'क्लार्क्सवर्ल्ड'ला यंत्राने लिहिलेल्या कथांचा असा लोंढा आला की संपादक नील क्लार्क यांना कथा घेणंच काही काळ बंद करावं लागलं. त्याच वर्षी ई-पुस्तकांच्या एका बड्या दुकानाने मासिकांची वर्गणी गुंडाळली आणि या सगळ्यांच्या हक्काच्या उत्पन्नाला भोक पडलं. म्हणून शेवटी एका मासिकाची वर्गणी भरली. पैसे डॉलरात कापले, वर बँकेने परकीय चलनाचं शुल्क लावलं, त्यावर जीएसटी. शुल्काची ती ओळ मी दोनदा वाचली.

लघुकादंबऱ्यांसाठी ऑफिसातल्या चौघींनी भिशी काढली आहे. दर महिन्याला एकीच्या पसंतीचं एक पुस्तक, खर्च चौघींत, पेपरबॅक निघेपर्यंत थांबायचं, पुठ्ठ्याचं घ्यायचं नाही. पानामागे सव्वा रुपया पडतो. पुढच्या महिन्यात माझा नंबर आहे, आणि 'सिंगिंग हिल्स'चा भाग सुचवला तर अकाउंट्समधल्या बाई आधीच म्हणाल्या आहेत, "परत पक्षी नको."