पीपीएफ घरी लावावी की स्टुडिओत? आधी गाडीचा कुठला भाग, ते ठरवा

नाशिकहून मुंबईला नेहमी ये-जा करणाऱ्या गाडीचं बोनेट दोन वर्षांनी जरा वाकून बघा. कसारा घाटात डंपरच्या मागे काढलेला वेळ तिथे ठिपक्याठिपक्यांनी नोंदलेला दिसेल. शहरात वेगळं काही नाही. सिंहस्थाच्या तयारीत कुठला ना कुठला रस्ता उकरलेलाच असतो, आणि निफाडकडे गेलात तर उसाच्या ट्रॉल्या. त्यामुळे नवी गाडी दारात आली की पेढे वाटून होईपर्यंत कुणीतरी म्हणतंच, "पीपीएफ करून घे." पीपीएफ म्हणजे पेंट प्रोटेक्शन फिल्म, गाडीच्या रंगावर चिकटवायचं पारदर्शक आवरण. मग आपण स्टुडिओत, म्हणजे ही फिल्म बसवून देणाऱ्या दुकानात, दर विचारतो, घरी येतो आणि यूट्यूब उघडतो. रोल ऑनलाइन मिळतो, हीट गन मिळते, मग आपणच का नाही?

मी दोन्ही करून बसलोय. घरी लावलेली बोनेटची फिल्म सहा महिन्यांत काढावी लागली. त्याच महिन्यात, त्याच हातांनी दरवाज्यांच्या कडांना लावलेल्या पट्ट्या तिसऱ्या वर्षीही जागच्या जागी आहेत. म्हणून "घरी की स्टुडिओत" हा प्रश्न अख्ख्या गाडीला विचारून उपयोग नाही. तो एकेका भागाला विचारायचा.

फिल्म म्हणजे नेमकं काय, ते थोडक्यात. चांगली पीपीएफ टीपीयू नावाच्या लवचिक प्लॅस्टिकची असते, जाडी साधारण १५० ते २०० मायक्रॉन. कारखान्यातून येणाऱ्या गाडीवर रंगाचे सगळे थर मिळून बहुधा १०० ते १५० मायक्रॉन भरतात, त्यातला सगळ्यात वरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, जेमतेम ४०-५०. म्हणजे गाडीच्या रंगापेक्षा जाड कातडं आपण वरून चढवतो. खडीचा मार ते झेलतं. सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर लावतात तो पातळ चकचकीत लेप, खडी झेलत नाही. दुकानात दोन्ही शब्द एका दमात घेतात, फसू नका. स्वस्तातली पीव्हीसी फिल्म दिसायला तशीच असते, पण उन्हात पिवळी पडते आणि काढताना तुकड्या-तुकड्यांनी निघते. घरी लावा नाहीतर बाहेर, पीव्हीसी नकोच.

धूळ

घरच्या कामाचा पहिला शत्रू हाताचा अनाडीपणा नाही, धूळ आहे. फिल्म ओल्यावर बसवतात: पाण्यात बेबी शाम्पूचे काही थेंब टाकायचे, रंगावर आणि फिल्मच्या गोंदावर मुबलक फवारायचं, तुकडा सरकवत जागेवर आणायचा आणि मग स्क्वीजीने, म्हणजे काच पुसायच्या रबरी पट्टीसारख्या पट्टीने, पाणी बाहेर ढकलायचं. या सगळ्यात गोंदाची बाजू काही मिनिटं उघडी असते, आणि गोंद हवेतलं सगळं गोळा करतो. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी रविवारी पहाटे सुरुवात केली, फरशी धुऊन, पंखा बंद करून. नऊच्या सुमाराला शेजारच्या काकांनी स्कूटर काढली. बस. बोनेटखाली मोहरीएवढे अकरा फोड, मी मोजले. पाण्याचा बुडबुडा चार-आठ दिवसांत सुकून जातो; आत कण अडकलेला फोड फिल्म निघेपर्यंत राहतो.

पाण्याचंही तसंच. बोअरचं जड पाणी वापरलं तर सुकल्यावर फिल्मखाली क्षारांचे डाग राहतात. आरओचं किंवा बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी घ्या. हा चाळीस-पन्नास रुपयांचा खर्च वाचवू नका.

स्टुडिओत बंद खोली असते, असायला हवी. पण महामार्गालगतच्या किती "स्टुडिओं"चं शटर दिवसभर उघडं असतं, हे एकदा जाऊन बघाच. पाटी चकचकीत आणि आत एका बाजूला पॉलिशिंग मशीन धूळ उडवतंय, दुसऱ्या बाजूला फिल्म चढतेय. अशा ठिकाणी तुम्ही पैसे देऊन माझंच पार्किंग विकत घेता. दर विचारण्याआधी काम चालू असताना दहा मिनिटं उभे राहा. उभं राहू देत नसतील तर निघा.

ब्लेड

धुळीने फिल्म वाया जाते. ब्लेडने गाडी वाया जाते. तुकडा गाडीवर पसरून कडेने कापताना हात जरा जड पडला की पातं क्लिअर कोटमधून जातं. तेव्हा काही दिसत नाही. फिल्म काढल्यावर रेघ दिसते, आणि पत्र्यापर्यंत गेली असेल तर तोवर गंजाची सुरुवात झालेली असते. घरी करायचं असेल तर तुमच्या मॉडेलच्या मापाचा आधीच कापलेला संच मागवा, गाडीवर पातं टेकवूच नका. बाहेर द्यायचं असेल तर पहिला प्रश्न हा: "प्लॉटरवर कापता की गाडीवर?" प्लॉटर म्हणजे संगणकातल्या मापाने फिल्म आधीच कापून देणारं यंत्र. प्लॉटरवाल्याची फिल्म कडेपासून केसभर आत संपते, ते थोडं दिसतं. गाडीवर कापणारा कसबी कारागीर कड आत वळवून देतो, ते सुंदर दिसतं, पण तो कसबी आहे हे तुम्हाला आधी कळायला हवं. मी केसभर दिसणारी कड पत्करली.

वळणाच्या जागा, म्हणजे पुढचा बंपर आणि साइड मिरर, घरी करूच नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे फिल्म ताणावी लागते. कमी ताणली तर सुरकुती, जास्त ताणली तर ती आठवडाभराने मूळ मापावर यायला बघते आणि कड उचलते. त्या उचललेल्या कडेत आपली काळी माती जाऊन बसली की पांढऱ्या गाडीला काजळ घातल्यासारखं दिसतं.

पैसे

घरी केल्याने मजुरी वाचते, फिल्म नाही. रोल सहसा १.५२ मीटर रुंद आणि १५ मीटर लांब येतो. पूर्ण गाडीला बहुधा एवढा लागतोच, आणि नवख्या हाताची नासाडी वेगळी. बोनेटचा एक तुकडा बिघडला की वाचलेली मजुरी त्यातच गेली. स्टुडिओत १८ टक्के जीएसटी धरूनच दर विचारा आणि पक्कं बिल घ्या. वॉरंटी दोन प्रकारची असते, हे तिथे कुणी आपणहून सांगत नाही. पिवळेपणा, तडे यांची वॉरंटी फिल्म कंपनीची. उचललेली कड आणि आतली धूळ ही दुकानदाराची जबाबदारी. दोन्ही लेखी हव्यात. रोलचा नंबर तुमच्या समोर खोक्यावरून वाचून नोंदवायला सांगा.

गाडी पूर्वी कुठे ठोकून रंगवलेली असेल तर ते लपवू नका. फिल्म काढताना असा रंग सोबत सोलून येऊ शकतो, हात कुणाचाही असो. ताज्या रंगावर तर किमान महिनाभर काहीच चिकटवू नये.

दिवस कुठले, हेही घरी करणाऱ्याने बघायचं. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी फिल्म कडक होते आणि वळत नाही. एप्रिलमध्ये पाणी हात फिरवायच्या आत सुकतं. दसऱ्याच्या आसपासची हवा बरी.

मग माझी वाटणी अशी. दरवाज्याच्या कडा, हँडलमागच्या वाट्या जिथे नखांचे ओरखडे पडतात, डिकीचा उंबरा जिथे सामान घासतं, आतला टचस्क्रीन: हे सगळं घरी, एका दुपारी, मुलांना मदतीला घेऊन. बिघडलं तर तळहाताएवढा तुकडा गेला. बोनेट, पुढचा बंपर, मडगार्ड आणि मिरर: स्टुडिओत, पैसे मोजून. पूर्ण गाडी फक्त तेव्हा, जेव्हा ती सहा-सात वर्षं ठेवायची आहे आणि आठवड्याला महामार्ग आहे. जिची धाव कॉलेज रोड ते गंगापूर रोड एवढीच, तिला कडा आणि वाट्या पुरेत.

स्टुडिओतून गाडी घ्यायला दिवसाउजेडी जा, आणि तरीही मोबाइलचा टॉर्च पत्र्याला जवळजवळ समांतर धरून बघा. पाण्याचे पुसट बुडबुडे दिसले तर घाबरू नका, आठवडाभर गाडी धुऊ नका, ते जातील. ज्या फोडाच्या मध्यभागी टोक आहे तो मात्र तिथल्या तिथे बोट ठेवून दाखवा, फोटो काढा आणि मगच उरलेले पैसे द्या.