सूटकेसवाला रेकॉर्ड प्लेअर: आवाज बिघडतो कुठे, सुधारतो किती

सूटकेससारख्या पेटीतले, आतच स्पीकर असलेले स्वस्त रेकॉर्ड प्लेअर नावं बदलून विकले जातात. झाकण उघडलं की बहुतेकांत तीच लाल सुईची सिरॅमिक कार्ट्रिज (सुईच्या कंपनांचा विद्युत सिग्नल करणारा भाग), तोच प्लास्टिकचा टोनआर्म (सुई धरणारा दांडा) आणि तीच छोटी डीसी मोटर. त्यामुळे आवाजाच्या तक्रारीही ठरलेल्या, आणि बऱ्याचशा पेटी न खोलता मिटतात.

आवाजच नसेल तर आधी पुढचा नॉब बघा. तो ब्लूटूथ किंवा ऑक्सवर (बाहेरून वायरने येणाऱ्या आवाजासाठी) राहिला तर तबकडी नुसती फिरते. सुईवरचं पांढरं टोपण काढलंय ना, हेही बघा. ते विसरणारे कमी नाहीत.

आवाज फाटतोय, 'स' आणि 'श' कानाला टोचतायत, तर संशय सुईवर. सोबत येणाऱ्या सुईचं टोक बहुधा सफायरचं असतं आणि लवकर झिजतं. त्याच मापाची हिऱ्याच्या टोकाची सुई कितीतरी जास्त टिकते. या मशीनवर पहिला खर्च तोच करावा. बदलताना प्लग काढा, टोनआर्म खालून एका बोटाने धरा, लाल तुकड्याची पुढची कड खाली दाबा आणि तो पुढे ओढा. नवा तुकडा पुढून खाली झुकवून मागची बाजू आत सरकवा, मग पुढची कड वर दाबा. 'टक्' झालं की बसला. सुई नवी असूनही फक्त शेवटच्या गाण्यात आवाज फाटत असेल, तर दोष खाचेच्या वेगाचा. एलपीच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला सुमारे 50 सेंमी सरकते, आत लेबलजवळ 20 च्या आसपास. तिथे तेवढाच आवाज कमी लांबीत दाटलेला असतो, म्हणून साधी गोल टोकाची सुई कमी पडणारच.

सुई उड्या मारते तेव्हा टोनआर्मवर नाणं ठेवायचा सल्ला हमखास मिळतो. तो ऐकू नका. इथे तबकडीवर सुईचा दाब आधीच 5-6 ग्रॅमच्या घरात असतो (चांगल्या मॅग्नेटिक कार्ट्रिजला साधारण 2 पुरतात) आणि तो कमी-जास्त करायची सोयच नसते. बहुतेकदा कारण पेटीतच असतं: स्पीकरचा बास त्याच लाकडातून सुईपर्यंत पोचतो. आवाज कमी करा, पेटी समतल आणि जड टेबलावर ठेवा.

गाणं रेंगाळतंय असं वाटलं तर लेबलवर खूण करून मोजा: 33⅓ च्या वेगाला (मिनिटाला तेवढ्या फेऱ्या) 10 फेऱ्या बरोबर 18 सेकंदांत. बेल्ट असेल तर ढिला झालाय का पाहा.

बाहेरच्या स्पीकरसाठी आरसीएची (दोन पिनांची) वायर अँप्लिफायरच्या 'फोनो'मध्ये (न वाढवलेल्या सिग्नलसाठीच्या जागेत) लावली तर आवाज भसाडा येतो, कारण सिग्नल आधीच वाढवलेला असतो. ती 'लाइन' किंवा 'ऑक्स'मध्येच हवी. एकच बाजू वाजत असेल तर अँप्लिफायरकडच्या दोन पिना अदलाबदल करा. मुकी बाजू बदलली तर दोष प्लेअरचा किंवा वायरचा, नाही बदलली तर अँप्लिफायरचा किंवा स्पीकरचा.

बाहेरचे स्पीकर आणि नवी सुई दिली तर हे मशीन ऐकण्याजोगं होतं. जपून ठेवायच्या तबकड्या मात्र एवढ्या दाबाखाली वारंवार लावू नयेत. 78 चा वेग असतो, पण 78 च्या जुन्या तबकड्यांच्या रुंद खाचेला साधारण 3 मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) वेगळी सुई लागते, ती सोबत सहसा येत नाही.