ग्रँटच्या हिशोबासाठी लातूरचं हे सीए ऑफिस, ५ पैकी ४ स्टार

आमचं कॉलेज उदगीर तालुक्यात. मी बॉटनी शिकवतो आणि सायन्सच्या ग्रँटचा कोऑर्डिनेटरपण मीच, म्हणजे तास संपला की हातात फाईल. ज्यांच्या कॉलेजला केंद्राची ग्रँट आलीय आणि पहिल्या हप्त्याच्या हिशोबात गाडी अडकलीय त्यांच्यासाठी मुद्दाम लिहायलोय, मला हे आधी कुणी सांगितलं असतं तर आमचं अख्खं वर्ष वाचलं असतं.

आधी प्रपोजलचं सांगतो. एका मोठ्या शहरातल्या कन्सल्टंटला आम्ही ३५,००० रुपये दिले. नॅकचं मूल्यांकन आहे, यूजीसीची २(एफ) १२(बी) मान्यता आहे, काम होऊन जाईल म्हणले. मसुदा आला तर त्यात विद्यार्थ्यांचं फील्डवर्क खाडीकिनाऱ्याच्या जैवविविधतेवर! उदगीरला कुठली आली खाडी, दुसऱ्या कुणाचं तरी प्रपोजल नाव बदलून दिलेलं. लई राग आला, पैसे परत मिळाले नाहीत. मग आम्ही चौघांनी दिवाळीच्या सुट्टीत बसून स्वतः लिहिलं, एका मायक्रोस्कोपवर अकरा पोरं उभी राहतात हेच लिहिलं, आणि ते मंजूर झालं.

खरा त्रास पैसे आल्यावर सुरू झाला. मायक्रोस्कोपचं बिल केमिकल-काचसामानाच्या हेडमध्ये, म्हणजे खर्चाच्या चुकीच्या सदरात पडलं. ग्रँटच्या सेव्हिंग खात्यावरचं व्याज कॉलेजच्या खात्यात वळवलेलं. आणि युटिलायझेशन सर्टिफिकेट म्हणजे यूसी (ग्रँट कशावर खर्च झाली याचा दाखला) भरायची वेळ आली तेव्हा आमच्या क्लार्कनं नेटवरून १२-सी फॉर्म उतरवला, तो राज्य सरकारांसाठी असतो, आपल्यासारख्या संस्थांना जीएफआर (केंद्र सरकारचे वित्तीय नियम) मधला १२-ए लागतो. यूसी परत आली, दुसरा हप्ता थांबला, प्राचार्य सर रोज विचारायले काय झालं म्हणून. क्लार्कचा दोष नाही हो, त्यांना कुणी कधी शिकवलंच नव्हतं.

तेव्हा एका मित्रानं या ऑफिसचं नाव सांगितलं. एसटीनं तीन चकरा झाल्या. सीए मॅडमनी पहिल्या दिवशी फॉर्मला हातच लावला नाही, आधी सँक्शन लेटर म्हणजे ग्रँटचं मंजुरीपत्र ओळ न ओळ वाचलं, मग बँक स्टेटमेंट आणि बिलं समोरासमोर ठेवून हेडप्रमाणे लेजर नव्यानं बसवलं. रिकरिंगची (चालू खर्चाची) यूसी वेगळी, नॉन-रिकरिंगची (एकदाच होणाऱ्या खर्चाची) वेगळी केली. व्याजाबद्दल स्पष्ट बोलल्या, सर हे कॉलेजचं नाही, जीएफआर २०१७ च्या नियम २३० प्रमाणे सरकारला परत जातं, आणि तिथंच बसून सरकारच्या भारतकोष पोर्टलवर भरून दिलं. प्रत्येक मायक्रोस्कोपवर नंबर टाकायला लावला, डेडस्टॉक म्हणजे टिकाऊ सामानाच्या नोंदीसोबत जीएफआर-२२ चं मालमत्ता रजिस्टर करून घेतलं. मला आवडलं ते हे की त्यांनी सगळं क्लार्कला शेजारी बसवून केलं, पुढच्या वर्षी त्यानं ८०% काम एकट्यानं केलं. एका बिलाची तारीख मागं घ्यायचं आमच्यातल्या एकानं सुचवलं तर चक्क नाही म्हणल्या, तो खर्च कॉलेजनं सोसायचा. तेव्हाच माझा भरवसा बसला.

फी १२,००० रुपये, आधीच सांगितली, नंतर एक रुपया वाढला नाही. कॉलेजनं स्वतःच्या खात्यातून दिली. दुसरा हप्ता पुढं चार महिन्यांनी आला.

एक स्टार कापला तो फोनमुळं. रिटर्न भरायच्या सीझनमध्ये, म्हणजे जुलै ते ऑक्टोबर, फोन उचलतच नाहीत, मेसेजला दोन-दोन दिवस उत्तर नाही. आपण तिकडून येणार आणि मॅडम बाहेरगावी, असं एकदा झालं. बसायला जागा पण कमी, दोन खुर्च्या फक्त.

हिशोब बिघडल्यावर नका जाऊ, खरेदीच्या आधी जा. कोणत्या हेडमधून काय घ्यायचं, सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवरून काय घ्यावं लागतं, हेड बदलायचं तर परवानगी आधी काढायची, हे तेव्हाच कळलं तर निम्मी दगदग वाचते. आणि यूसीला आर्थिक वर्ष संपल्यापासून १२ महिने असतात म्हणून निवांत बसू नका, पुढचा हप्ता तिच्यावरच अटकलेला असतो. आता पीएम-उषा या केंद्राच्या उच्च शिक्षण योजनेचे पैसे आलेल्या कॉलेजातले लोक मला फोन करायलेत, त्यांना पण हेच सांगायलोय.

जाताना सँक्शन लेटर, सगळ्या बिलांच्या मूळ प्रती आणि ग्रँटच्या खात्याचं पूर्ण स्टेटमेंट न्या. आम्ही पहिल्यांदा झेरॉक्सवर गेलो होतो, एक चकर वाया गेली. शनिवारी दुपारी दोनपर्यंतच उघडं असतं.