डेनॉन डीएल-१०३ : मूव्हिंग कॉइल कार्ट्रिजच्या वापरानंतरचा अनुभव

मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज (रेकॉर्डची खाच वाचून विजेचा संकेत देणारा, सुई असलेला भाग) सोडून मूव्हिंग कॉइल प्रकाराकडे वळावे का, हा प्रश्न टर्नटेबल बाळगणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी पडतो आणि त्याचे उत्तर सहसा कार्ट्रिजच्या किमतीकडे पाहून दिले जाते. माझ्या मते ते टोनआर्मच्या (कार्ट्रिज धरणाऱ्या दांड्याच्या) वजनावर, पुढच्या अँप्लिफायरच्या क्षमतेवर आणि आपण कोणत्या रेकॉर्ड्स ऐकतो यावर कितीतरी जास्त अवलंबून असते. गेल्या दिवाळीच्या सुमारास मी टेक्निक्स एसएल-१२०० मार्क २ या टर्नटेबलवरचे ऑर्टोफॉन २एम ब्लू हे मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज उतरवून डेनॉनचे डीएल-१०३ हे मूव्हिंग कॉइल कार्ट्रिज बसवले आणि तेव्हापासून जवळजवळ रोज ते ऐकत आहे. माझ्या संग्रहात एचएमव्हीच्या हिंदुस्थानी संगीताच्या जुन्या एलपी आणि नाट्यसंगीत-भावगीतांच्या ईपी अधिक आहेत. पुढचे सारे मत त्याच संगीतावर बेतलेले आहे, हे आधी नमूद करतो.

डीएल-१०३ हे मुळात घरगुती कार्ट्रिज नव्हेच. जपानच्या एनएचके या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या रेडिओ केंद्रांसाठी ते १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला घडवले गेले, पुढे सर्वसामान्य ग्राहकांना मिळू लागले आणि आजही त्याच मूळ आराखड्यावर तयार होते. मूव्हिंग मॅग्नेट प्रकारात सुईच्या दांडीच्या मागच्या टोकाला इवलासा चुंबक असतो आणि तारेची वेटोळी जागच्या जागी स्थिर असतात, त्यामुळे वेटोळ्यांना हवे तेवढे वेढे देता येतात. मूव्हिंग कॉइल प्रकारात वेटोळीच दांडीवर बसवलेली असतात आणि ती हलकी राहावीत म्हणून वेढे मोजकेच ठेवावे लागतात. परिणामी २एम ब्लूमधून ५.५ मिलिव्होल्टचा संकेत मिळतो, तर डीएल-१०३ मधून केवळ ०.३ मिलिव्होल्टचा, म्हणजे सुमारे अठरा पटींनी क्षीण. हे कार्ट्रिज घेतल्यावर करावी लागणारी बहुतेक खटपट या एका आकड्यातून निघते.

तो संकेत वाढवण्याचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे सुमारे ६० डेसिबल वाढ देणारा, खास मूव्हिंग कॉइलसाठीचा फोनो प्रीअँप्लिफायर (कार्ट्रिजचा संकेत मुख्य अँप्लिफायरआधी वाढवणारे यंत्र) घेणे. दुसरा म्हणजे असलेल्या मूव्हिंग मॅग्नेट फोनो इनपुटच्या आधी स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर (तारेच्या वेढ्यांच्या गुणोत्तराने संकेत वाढवणारी छोटी पेटी) जोडणे. माझ्या जुन्या अँप्लिफायरचा फोनो विभाग मला मनापासून आवडतो, म्हणून मी दुसरा मार्ग निवडला. ट्रान्सफॉर्मर निवडताना १:१० आणि १:२० या गुणोत्तरांमधला फरक कागदावर मांडून पाहावा, असे मी आग्रहाने सुचवीन. फोनो इनपुटचा नेहमीचा रोध ४७ किलोओहम धरला, तर १:१० मधून कार्ट्रिजला दिसणारा भार सुमारे ४७० ओहम असतो आणि १:२० मधून तो सुमारे ११८ ओहमवर येतो, कारण हा भार गुणोत्तराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. डीएल-१०३ चा स्वतःचा रोध ४० ओहम, म्हणजे या जातीच्या कार्ट्रिजमध्ये बराच वरचा आहे. भार त्याच्या दहापट असला तर संकेताचे नुकसान किरकोळ होते. तिप्पट असला तर जवळजवळ चौथा हिस्सा तिथेच खर्ची पडतो. म्हणून १:१० घेतला. आवाजाची कळ आता पूर्वीपेक्षा पुष्कळ पुढे न्यावी लागते, पण स्वर मोकळा लागतो.

ट्रान्सफॉर्मरची दुसरी बाजूही सांगायला हवी. इतका क्षीण संकेत हाताळणारी पेटी अँप्लिफायरच्या वीजपुरवठ्याच्या ट्रान्सफॉर्मरजवळ ठेवली की ५० हर्ट्झची गुणगुण हमखास शिरते. माझ्याकडे ती पेटी अँप्लिफायरच्या उजवीकडे असताना तबल्याच्या डग्ग्याखाली सतत एक घूं ऐकू येत होती. पेटी डावीकडे हलवली, काटकोनात फिरवली आणि टर्नटेबलची अर्थची तार थेट तिच्या स्क्रूला आवळली, तेव्हा ती कानाला जाणवेनाशी झाली. घरातल्या सॉकेटला खरोखर अर्थिंग आहे की नुसते तिसरे भोक आहे, हे इलेक्ट्रिशियनकडून आधी तपासून घ्यावे; मूव्हिंग मॅग्नेटवर खपून जाणारी उणीव इथे खपत नाही.

टोनआर्मचा मेळ हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे आणि त्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते. डीएल-१०३ चे वजन ८.५ ग्रॅम असून त्याची दांडी चांगलीच ताठ आहे. तिच्या लवचीकतेचा आकडा ५ असा छापलेला असतो, पण जपानी प्रथेनुसार तो १०० हर्ट्झला मोजलेला असतो. १० हर्ट्झला तो साधारण दीडपट ते दुप्पट धरावा लागतो. अशा ताठ कार्ट्रिजला जड आर्म मानवतो. एसएल-१२०० च्या आर्मचे प्रभावी वस्तुमान (हलताना सुईला जाणवणारे वजन) मूळ हेडशेलसह, म्हणजे कार्ट्रिज ज्यावर स्क्रूने बसते त्या पुढच्या सुट्या भागासह, सुमारे १२ ग्रॅम आहे. हिशेब केला तर आर्म आणि कार्ट्रिज यांचे अनुनादन (ज्या कंपनसंख्येला ही जोडी आपसूक डोलू लागते ती) साडेअकरा हर्ट्झच्या आसपास येते. आठ ते बारा हा इष्ट पट्टा मानला, तर ते पट्ट्यात असले तरी वरच्या काठाला टेकलेले असते. १५ ग्रॅमचे हेडशेल लावण्याचा मोह अनेकांना होतो, परंतु या आर्मच्या मागच्या प्रतिवजनाला जादा वजनाचा तुकडा जोडूनही हेडशेल आणि कार्ट्रिज मिळून वीस ग्रॅमच्या थोडे पुढेपर्यंतच तोल सांभाळता येतो. त्यामुळे मी सुमारे १० ग्रॅमचे, एकसंध धातूचे हेडशेल घेतले. अनुनादन अकराच्या आत आले. आकड्यात हा फरक लहान दिसतो, पण किंचित वाकलेल्या रेकॉर्डवर आर्म पूर्वीपेक्षा निवांत चालतो आणि डग्ग्याची घुमक आटोपशीर लागते. हलक्या आर्मच्या टर्नटेबलवर हे कार्ट्रिज बसवून कोणी निराश झाले, तर त्याचा दोष मी कार्ट्रिजला देणार नाही.

बसवताना एक गोष्ट जपावी. आतला चुंबक जोरकस आहे आणि लोखंडी स्क्रूड्रायव्हर झटक्यात सुईकडे ओढला जातो, म्हणून पितळी किंवा अ‍ॅल्युमिनियमचे स्क्रू वापरावेत आणि सुईवरचे झाकण शेवटपर्यंत काढू नये. सुईचा दाब २.५ ग्रॅम ठेवायचा असतो. तो मोजणाऱ्या काट्याच्या तबकात लोखंड असेल तर चुंबक काट्याला ओढतो आणि आकडा चुकीचा दिसतो. एसएल-१२०० ची थाळी अ‍ॅल्युमिनियमची असल्याने तिथे ही अडचण येत नाही. लोखंडी थाळीच्या टर्नटेबलवर मात्र दाब नकळत वाढतो.

आता आवाजाविषयी. किशोरीताई आमोणकरांच्या भूप आणि बागेश्रीच्या एलपीवर मला पहिला ठळक फरक तानपुऱ्यात जाणवला. पूर्वी तो गाण्यामागचा एक सलग पडदा होता. आता खर्जाची तार छेडल्यावर तिच्यातून वर उमलणारे स्वयंभू स्वर वेगवेगळे कळतात आणि ताईंचा आकार त्यांच्यात मिसळतो तो क्षण पकडता येतो. मींडेत दोन स्वरांमधला प्रवास अधिक सलग लागतो. हार्मोनियमचा कर्कशपणा कमी झाला, तबल्याच्या चाटेला लाकडाचा आणि कातड्याचा स्पर्श आला. तारस्वरांतली झगमग २एम ब्लूमध्ये अधिक होती, हेही खरे. ज्यांना ती प्रिय आहे त्यांना डीएल-१०३ थोडे मंद वाटेल. मला मानवी गळ्यासाठी हाच मधला भरीवपणा हवा होता.

जुन्या रेकॉर्ड्सच्या खरखरीबाबत माझे मत अनुकूल आहे. या कार्ट्रिजची सुई गोलाकार टोकाची, साडेसोळा मायक्रॉन त्रिज्येची आहे. वापरून झिजलेल्या एचएमव्हीच्या एलपीवर ती खाचेच्या बारीकसारीक इजा कमी उकरते आणि टकटक गाण्याच्या मागे राहते. मोनो रेकॉर्डसाठी अँप्लिफायरचे मोनो बटण दाबले की खरखर आणखी घटते. पावसाळ्यात रेकॉर्डवर धरलेली बुरशी मात्र कोणतीही सुई लपवत नाही. धुणे आणि पूर्ण वाळवणे याला पर्याय नाही.

परंतु याच गोल सुईची खरी मर्यादाही ख्यालाच्या रेकॉर्डवरच उघडी पडते. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या एलपीवर बाहेरच्या काठाला खाच सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर वेगाने सरकते आणि आतल्या शेवटच्या वळणांपर्यंत तो वेग सुमारे २१ सेंटिमीटरवर येतो. तेवढाच आवाज तिथे दाटीने कोरलेला असतो आणि गोल टोक त्या बारीक वळणांत पुरते उतरत नाही. नेमकी त्याच जागी द्रुत बंदिश, तिच्यातल्या वेगवान ताना आणि तारसप्तकातली पुकार येते. विलंबितात तल्लीन करणारे हे कार्ट्रिज द्रुताच्या शेवटच्या मिनिटांत स, श ही अक्षरे थोडी फाटकी उच्चारते आणि चढ्या स्त्री-आवाजाला किनार येते. सुईची जुळणी कितीही काटेकोर केली तरी ही किनार कमी होते, जात नाही. ४५ फेऱ्यांच्या ईपीवर ती फार जाणवत नाही, कारण तिथे वेग सहसा एवढा खाली येत नाही. नाट्यपदे तर या कार्ट्रिजवर विशेष खुलतात.

सुई घरी बदलता येत नाही, हा कायमचा खर्च विचारात घ्यावा. २एम ब्लूची सुई उपसून नवी बसवता येते. इथे ती झिजली की कारागिराकडून नवे टोक बसवून घ्यावे लागते किंवा नवे कार्ट्रिज घ्यावे लागते. म्हणून प्रत्येक बाजू लावण्यापूर्वी ब्रशने रेकॉर्ड झाडण्याची आणि सुई मागून पुढे हलकेच पुसण्याची शिस्त मी अधिक कडक केली आहे.

२एम ब्लू मी विकलेले नाही. ते मूळ हेडशेलमध्ये बसवून तयार ठेवले आहे आणि अलीकडच्या स्वच्छ, कडक कोरलेल्या रेकॉर्डसाठी, तसेच ज्या एलपींच्या शेवटी द्रुत फार चढते त्यांच्यासाठी तेच लावतो. अदलाबदल करताना प्रतिवजन आणि आर्मची उंची नव्याने लावावी लागते, दाब २.५ वरून १.८ ग्रॅमवर आणावा लागतो आणि ट्रान्सफॉर्मर काढून तार सरळ फोनो इनपुटला द्यावी लागते. त्यापूर्वी आवाजाची कळ शून्यावर आणावी, अन्यथा ट्रान्सफॉर्मरमधून येणाऱ्या संकेताच्या सुमारे दुप्पट संकेत एकदम स्पीकरवर आदळतो.