११ फिनचा ऑइल हीटर: ग्वाल्हेरच्या थंडीत वयस्कांच्या खोलीत कसा चालतो

बटण दाबल्याबरोबर हा हीटर (आत तेल, बाहेर पत्र्याच्या अकरा उभ्या पाकळ्या, म्हणजे फिन) ऊब देत नाही. पहिली दहा मिनिटं नुसता टक-टक वाजत राहतो (पत्रा तापून फुगतो त्याचा तो आवाज, बिघाड नव्हे) आणि खोलीतला गारठा मोडायला वीस-पंचवीस मिनिटं तरी घेतो. बाहेरून कुडकुडत येऊन हात शेकायचे असतील तर हा घेऊ नका. सत्तरीपुढची माणसं रात्रभर ज्या खोलीत झोपतात, तिथे मात्र विजेवरच्या सगळ्या प्रकारांत आमची पहिली पसंती यालाच. किंमत कंपनी आणि मोसमाप्रमाणे साधारण आठ ते चौदा हजार. आराखडा सगळ्यांचा जवळपास एकच, म्हणून इथे नाव कोणाचंच घेत नाही.

ग्वाल्हेरला जानेवारीत रात्रीचा पारा पाच-सहा अंशांवर सहज येतो, लाट आली की त्याच्याही खाली. खरा त्रास धुक्याच्या आठवड्याचा. दुपारीसुद्धा ऊन नाही, त्यामुळे लष्कर या शहराच्या जुन्या भागातल्या घरांच्या जाड दगडी भिंती गार त्या गारच राहतात. त्यात छत बारा फुटांवर, वर दगडी पटिया (छताच्या लांब फरश्या) आणि कायमचं उघडं रोशनदान, म्हणजे छताजवळचा झरोका. घरात किमान १८ अंश असावेत असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, म्हाताऱ्या माणसांना त्याहून दोन अंश जास्तच बरे. गारठ्याने रक्तदाब चढतो, सांधे आखडतात, आणि पहाटे लघवीला उठलेला माणूस आखडलेल्या पायांनी चालतो, तिथेच पडतो.

दोन रॉडचा हीटर स्वस्त, ८०० वॉटचा, पण तो फक्त समोरच्याला तापवतो: गुडघे भाजतात, पाठ गार. शिवाय लाल रॉडच्या जवळ रजईचं टोक गेलं तर काय होईल ते सांगायला नको. ब्लोअर, म्हणजे पंख्याने गरम हवा फेकणारा हीटर, पाच मिनिटांत खोली गरम करतो. आवाज, तोंडावर येणारी कोरडी हवा आणि जाळीतल्या धुळीचा करपट वास या तीन कारणांनी रात्रभर तो कोणी लावू देत नाही. कोळशाच्या सिगडीबद्दल मात्र एकच वाक्य: बंद खोलीत ती कधीही नको, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही.

ऑइल हीटरमधलं तेल जळत नाही. ते कायमचं सीलबंद असतं, खालच्या कॉइलने तापतं आणि फिनमधून फिरत राहतं. ते भरायचं किंवा बदलायचं नसतं. फिनच्या जोडावर तेलाचा थेंब दिसला तर हीटर संपला असं समजा. गॅरंटी असेल तर बदलून घ्या, वेल्डिंगच्या दुकानात नेऊ नका. वीज गेली तरी तापलेलं तेल अर्धा-पाऊण तास ऊब देत राहतं, हा या शहरात मोठाच गुण. घरच्या इन्व्हर्टरवर मात्र तो चालणार नाही.

‘हा हवा कोरडी करत नाही’ असं दुकानदार हमखास सांगतात. ते अर्धंच खरं. हवा तापली की तिची सापेक्ष आर्द्रता घटणारच, मग हीटर कोणताही असो. इथे पंखा नसल्याने ते जाणवत कमी, एवढंच. घसा कोरडा पडत असेल तर उशाशी तांब्याभर पाणी ठेवा.

आता विजेचा भाग, कारण तक्रारी बहुतेक इथूनच निघतात. ११ फिनचा हीटर पूर्ण जोरावर २५०० वॉट घेतो, म्हणजे २३० व्होल्टला जवळपास ११ अँपिअर. त्याला १६ अँपिअरचा पॉवर पॉइंटच हवा, मागे निदान २.५ चौरस मिलीमीटरची तांब्याची तार आणि चालू अर्थिंग. जुन्या घरांत कित्येकदा पॉइंट मोठा दिसतो आणि आत तार पंख्याला लागते तेवढी बारीक असते, म्हणून आधी इलेक्ट्रिशियनकडून उघडून बघून घ्या. एक्स्टेंशन बोर्ड तर नकोच. तासाभराने प्लगला हात लावा. कोमट असेल तर ठीक, धरवत नसेल किंवा कडेने तपकिरी झाला असेल तर सॉकेटची पकड सैल आहे, तो बदलायचा. गीझर आणि हीटर एकाच वेळी लावले की भार साडेचार किलोवॉट होतो. मंजूर लोड दोन-तीन किलोवॉटचा असेल तर एमसीबी (भार वाढला की वीज तोडणारा स्विच) पडणार, त्यात हीटरचा दोष नाही.

उलटी तक्रारही असते: ‘गेल्या वर्षी चांगला तापायचा, यंदा तापत नाही.’ आधी व्होल्टेज मोजा. संध्याकाळी सगळ्या गल्लीचे हीटर लागतात आणि दाब १९० पर्यंत उतरला तर २५०० वॉटचा हीटर १७०० वॉटच देतो. कंपनीला फोन करण्याआधी रात्री अकरा वाजता पुन्हा तापवून पाहावा.

चाकं वेगळी येतात आणि ती बसवायचा कंटाळा करू नये. सतरंजीवर हीटर उलटा ठेवायचा, दोन्ही टोकांच्या फिनमध्ये यू आकाराचा बोल्ट अडकवून पट्टी बसवायची, नट हाताने घट्ट करायचे, मग सरळ उभा करून तासभर तसाच राहू द्यायचा. आडवा असताना तेल एका बाजूला गेलेलं असतं, तसंच चालू केलं तर उघडी कॉइल जळते. चांगल्या हीटरमध्ये कलला की बंद करणारा स्विच असतो. विकत घेताना दुकानातच हीटर चालू करून जरा कलवून तो तपासावा, आयएसआयची खूणही बघावी. पहिल्या दिवशी रंगाचा वास येतो. दोन तास खिडकी उघडून रिकाम्या खोलीत तापवा, म्हणजे आजी ‘काहीतरी जळतंय’ म्हणून रात्री उठणार नाहीत.

जागा गार भिंतीपाशी किंवा खिडकीखाली, पलंगापासून किमान तीन फूट. पडद्यामागे किंवा कोपऱ्यात कोंबला तर त्याच्याभोवतीचीच हवा तापते, थर्मोस्टॅट (हवा तापली की हीटर बंद करणारा भाग) फसतो आणि खोली गार असतानाच हीटर बंद होतो. लाल दिसत नसला तरी अंग चटका देण्याइतकं तापतं. उठताना त्याचाच आधार घेण्याची सवय लागू देऊ नका. मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांनी तर त्यावर तळवे टेकवूच नयेत, भाजलेलं कळत नाही. ओला टॉवेल वाळत घालायचा मोह सगळ्यांना होतो. कपड्याने उष्णता कोंडते आणि आतला सुरक्षा फ्यूज उडतो. काही मॉडेलांत तो एकदाच उडण्यासाठी असतो.

थर्मोस्टॅटच्या चकतीवर अंश लिहिलेले नसतात, नुसत्या किमान-कमाल खुणा. दोनशे रुपयांचा डिजिटल थर्मामीटर उशाशी ठेवा. झोपायच्या तासभर आधी, म्हणजे नऊच्या सुमारास, २५०० वर लावा. थर्मामीटर २० दाखवू लागला की चकती हळूहळू मागे फिरवत ‘टक्’ ऐकू येईपर्यंत आणा, तिथे पेनने खूण करा आणि बटण १००० वॉटवर आणा. पुढच्या रात्रींना फक्त बटणं. हिशेब असा: पहिल्या तासाला अडीच युनिट, पुढचे सात तास मधूनमधून बंद होत साधारण चार युनिट. युनिट सात रुपये धरला तर रात्रीचे पन्नासच्या आत.

हा हिशेब रोशनदान उघडं असेल तर मोडतो. तापलेली हवा वरूनच निघून जाते आणि हीटर रात्रभर बंदच होत नाही. रोशनदानावर पारदर्शक प्लास्टिक ताणून लावा, दाराखालच्या फटीत कापडाची गुंडाळी सरकवा. खोली पूर्ण हवाबंद करायची गरज नाही, झोत थांबला की पुरे. दहा बाय बाराच्या खोलीला, छत बारा फुटांचं असेल तर, ११ फिन हवेतच. दहा फुटांच्या छताच्या नव्या फ्लॅटमध्ये ९ फिनचा २००० वॉटचा हीटरही पुरतो. हॉलमध्ये कोणताही ऑइल हीटर लावणं म्हणजे पैसे वाया.

रात्री खोली २० अंशांवर असली की तीन किलो कापसाची जड रजई लागत नाही, हाही फायदाच. तिच्याखाली म्हाताऱ्या माणसाला कूस बदलता येत नाही. दोन हलक्या दुलया पुरतात. बाथरूम मात्र गारच राहतं आणि हा हीटर तिथे न्यायचा नाही, पाण्याजवळ तर मुळीच नाही. आंघोळीआधी गरम पाण्याची बादली भरून दार पाच मिनिटं लावून ठेवलं तरी वाफेने बराच फरक पडतो.

पंख्याचं मॉडेल हजार-दोन हजारांनी महाग आणि ४०० वॉट जास्त. खोली लवकर तापते खरी, पण धूळ बसली की पंखा कुरकुरतो. रात्रभर लावायचा असेल तर बिनपंख्याचाच घ्या. १९०५ पासून भरणाऱ्या ग्वाल्हेरच्या व्यापार मेळ्यात सवलती मिळतात, पण मेळा डिसेंबरअखेरीस सुरू होतो आणि थंडी त्याची वाट पाहत नाही. दिवाळीनंतर लगेच घेतला तर बिल, शिक्का मारलेलं गॅरंटी कार्ड आणि तार दुरुस्त करून घ्यायला तीन आठवडे मिळतात. मार्चमध्ये फिनमधली धूळ ब्रशने काढून, तार सैल गुंडाळून, हीटर उभाच झाकून ठेवा.