आठ महिने खेळल्यानंतर : ‘एज ऑफ एम्पायर्स २’ची डेफिनिटिव्ह एडिशन

जळगावच्या गोलाणी मार्केटातल्या एका सायबर कॅफेत २००३ साली मी ‘एज ऑफ एम्पायर्स २’ हा गाव वसवून, फौज उभारून लढण्याचा संगणकावरचा खेळ पहिल्यांदा खेळलो. तासाला १५ रुपये दर होता, सहा संगणक एकमेकांना जोडलेले होते आणि कॉलेजचे तास संपले की आम्ही चौघे मित्र थेट तिथे जात असू. पुढे नोकऱ्या लागल्या, चौघे चार गावांना गेलो आणि जवळजवळ वीस वर्षे या खेळाला हात लागला नाही. गेल्या दिवाळीत मी त्याची २०१९ सालची नवी आवृत्ती, म्हणजे ‘डेफिनिटिव्ह एडिशन’, स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानातून सवलतीत घेतली आणि आषाढ लागेपर्यंत आठवड्यातून तीन-चार रात्री नेमाने खेळलो. आवडता जुना खेळ पुन्हा बनवावा का, असे मला दिवाळीपूर्वी कोणी विचारले असते, तर मी ‘नको’ म्हटले असते. ते मत आता बदलले आहे. मात्र ते काही अटींवर बदलले आहे आणि त्या अटी मला फार महत्त्वाच्या वाटतात, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

मूळ खेळ अमेरिकेतल्या डॅलस येथील एन्सेम्बल स्टुडिओजने तयार केला आणि मायक्रोसॉफ्टने तो सप्टेंबर १९९९ मध्ये बाजारात आणला. त्यात १३ संस्कृती, म्हणजे खेळाडूने निवडायच्या बाजू, होत्या; पुढच्याच वर्षी ‘द कॉन्करर्स’ या विस्तारात आणखी पाच आल्या. आम्ही कॅफेत खेळलो ती हीच १८ संस्कृतींची आवृत्ती. एन्सेम्बल स्टुडिओज २००९ मध्ये बंद झाला. त्यानंतर खेळ जिवंत ठेवला तो खेळणाऱ्यांनी. त्यांच्यातल्याच काही जणांनी हौसेने ‘फरगॉटन एम्पायर्स’ नावाची भर तयार केली, २०१३ मध्ये ती अधिकृत विस्तार म्हणून प्रसिद्ध झाली आणि २०१९ची नवी आवृत्ती घडवण्याचे मुख्य कामही याच मंडळींकडे आले. नव्या आवृत्तीचे जे काही चांगले आहे, त्याचे मूळ मला इथे दिसते. ज्यांनी हा खेळ वर्षानुवर्षे खेळला होता त्यांच्याच हाती तो दुरुस्तीला गेला, त्यामुळे काय हलवायचे नाही हे त्यांना वेगळे सांगावे लागले नाही.

याचा पहिला प्रत्यय मला एका कळीमुळे आला. कॅफेतल्या चौघांपैकी एक मित्र आता धरणगावला कापसाचा व्यापार करतो. जानेवारीत तो घरी आला, तेव्हा मी त्याला लॅपटॉपसमोर बसवले. डाव सुरू होताच त्याच्या डाव्या हाताने आपोआप ‘एच’ दाबले, टाउन सेंटर, म्हणजे गावाची मुख्य इमारत, पडद्याच्या मध्यभागी आले आणि लगेच त्याने ‘सी’ दाबले, कारण जुन्या खेळात ‘सी’ दाबले की गावकरी तयार होऊ लागे. इथे काहीच झाले नाही. त्याने पुन्हा दाबले. मग त्याने माझ्याकडे वळून एवढेच विचारले, “भाऊ, हा आपला खेळ नाही का?” मी मांडणीच्या पर्यायात जाऊन कळांची जुनी रचना निवडली. पुढची पाच मिनिटे तो काही बोलला नाही. एच, सी, एच, सी एवढाच आवाज येत होता. ज्या बोटांना वीस वर्षांत या कळा लागल्या नव्हत्या त्यांना सगळे आठवत होते. नव्या माणसासाठी नवी रचना आणि जुन्या माणसासाठी जुनी, दोन्ही एकाच ठिकाणी ठेवण्याची ही समज मला सुंदर चित्रांपेक्षा मोलाची वाटते.

आता शेतीविषयी, कारण जुन्या खेळाडूंचा सर्वांत मोठा वाद इथेच आहे. या खेळात ६० लाकूड मोजून शेत तयार होते, त्यातून १७५ अन्न निघते आणि मग ते संपते. १९९९च्या आवृत्तीत संपलेले प्रत्येक शेत स्वतः शोधून पुन्हा लावावे लागे. लढाईच्या धामधुमीत मागे शेते रिकामी पडत, गावकरी हातावर हात ठेवून उभे राहत आणि अन्न का आटले हे बऱ्याच वेळाने कळे. ‘द कॉन्करर्स’मध्ये गिरणीत आधीच लाकूड भरून पुढच्या लागवडीची रांग लावण्याची सोय झाली. आम्ही कॅफेत तिला दुबार पेरणी म्हणत असू. चौघांच्याही घरी कापूस आणि केळी होती, त्यामुळे तो शब्द आमच्या तोंडी सहज बसला होता. नव्या आवृत्तीत ही दुबार पेरणी आपोआप होते. एकदा सांगून ठेवले की शेत संपताच पुन्हा लागते.

माझ्या धरणगावच्या मित्राचे म्हणणे असे की, मागची शेते सांभाळत पुढची लढाई लढणे हेच या खेळातले कसब होते आणि ते काढून घेतल्यावर उरले काय? पहिले दोन महिने मलाही तसेच वाटत होते. हळूहळू लक्षात आले की ६० लाकूड अजूनही प्रत्येक वेळी खात्यातून जाते. धनुर्धारी तयार करायचे की शेते चालू ठेवायची, लाकडासाठी आणखी माणसे पाठवायची की सोन्यासाठी, हा निर्णय जसाच्या तसा माझ्या डोक्यावर आहे. गेली ती फक्त धावपळ. एखाद्या खेळात निर्णय आणि कष्ट असे दोन भाग असतील, तर कष्ट कमी करायला माझी हरकत नाही. निर्णयाला हात लावला की तो खेळ दुसरा झाला असे मी समजतो. कबड्डी मातीवरून मॅटवर गेली तेव्हाही जुन्या खेळाडूंना हळहळ वाटली, पण मधली रेषा आणि चढाईचा दम तसाच राहिला, म्हणून आपण तिला आजही कबड्डीच म्हणतो. या आवृत्तीतही खेळ आतून चालवणारी मूळ प्रणाली, म्हणजे इंजिन, जुनेच, एन्सेम्बलचे ‘जीनी’, ठेवलेले आहे आणि मला वाटते त्यामुळेच माणसांची चाल, घोडेस्वारांचा वेग, भालाईतांसमोर त्यांचे हतबल होणे, हे सगळे हाताला ओळखीचे लागते.

उन्हाळ्याच्या सुट्टीत यावलहून माझा अकरा वर्षांचा भाचा आला होता. दुपारी बाहेर पाऊल टाकवत नव्हते, त्यामुळे जेवण झाले की आम्ही मामा-भाचे खेळायला बसायचो. त्याने जुना खेळ पाहिलेला नव्हता, म्हणून त्याची पावती मला जास्त खरी वाटली. तिसऱ्या दिवशी त्याचा गावकरी जंगलात रानडुकरासमोर आला आणि मेला. “मामा, हाई काय शे?” असे म्हणून तो उठूनच उभा राहिला. मग मी त्याला जुनी युक्ती दाखवली. आधी ५० सोने खर्चून ‘लूम’ ही सुधारणा घ्यायची म्हणजे गावकरी जरा काटक होतो, डुकराला दोन बाण मारायचे, लगेच टाउन सेंटरकडे पळत सुटायचे, डुक्कर मागे येते आणि तिथे थांबलेले बाकीचे गावकरी त्याला पाडतात. एका डुकराचे ३४० अन्न मिळते; मेंढीचे १००. भाच्याच्या गावाकडे, सातपुड्याच्या पायथ्याला, रानडुकरे मक्यात शिरून एका रात्रीत पीक लोळवतात, त्यामुळे त्याला डुकराच्या धावण्याचे नवल वाटले नाही. मात्र चौथ्या प्रयत्नात गावकरी सुखरूप परत आला, तेव्हाचा त्याचा चेहरा मी विसरणार नाही. २००३ साली माझा चेहराही तसाच झाला असणार, कारण ते डुक्कर तेच होते.

चित्रांबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. ती स्वच्छ आहेत, जवळून पाहता येतात आणि पडणारी इमारत आता वीट-वीट ढासळते. दाट जंगलात माणसे झाडांमागे दडतात, पण खेळाडूंनीच केलेली लहान झाडांची भर खेळाच्या आतूनच बसवता येते. मी ती पहिल्याच आठवड्यात बसवली. आवाज मात्र ज्यांनी जपले त्यांचे मनापासून आभार मानायला हवेत. खेळता खेळता संदेशात ३० हा आकडा लिहिला की तीच जुनी ‘वोलोलो’ आरोळी ऐकू येते.

सर्वांत अधिक आदर वाटला तो प्रतिस्पर्ध्याच्या निवडीबद्दल. संगणकाविरुद्ध खेळताना आपण तीन पिढ्यांपैकी एक प्रतिस्पर्धी निवडू शकतो : नव्या आवृत्तीचा, २०१३च्या एचडी आवृत्तीचा किंवा मूळ सीडीवरचा. नवा प्रतिस्पर्धी हुशार आहे आणि मधल्या काठिण्यपातळीवरही त्याने मला दीड महिना सतत हरवले. दमलेल्या रात्री मी सीडीवरचा जुना प्रतिस्पर्धी निवडतो. त्याच्या चुका मला पाठ आहेत.

जुने जपण्याचा हा विचार सगळीकडे होत नाही. ‘जीटीए’च्या तीन जुन्या खेळांची एकत्रित नवी आवृत्ती नोव्हेंबर २०२१ मध्ये आली, तेव्हा मूळ खेळ डिजिटल दुकानांतून आधीच काढून टाकले होते. नव्या आवृत्तीतल्या दोषांवर इतकी टीका झाली की प्रकाशक रॉकस्टारला माफी मागून संगणकासाठीचे जुने खेळ पुन्हा विक्रीला ठेवावे लागले. ‘वॉरक्राफ्ट ३’ची नवी आवृत्ती जानेवारी २०२० मध्ये आल्यावर जुन्या प्रतीही नव्या प्रणालीत ओढल्या गेल्या आणि नाराज ग्राहकांना पैसे परत देण्याची वेळ आली. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’च्या पुनर्निर्मितीचे काम तर आपल्या पुण्या-मुंबईच्या स्टुडिओंकडे होते. सप्टेंबर २०२० मध्ये ती जाहीर झाली तेव्हा मला अतिशय अभिमान वाटला होता आणि २०२२ मध्ये ते काम मूळ खेळ घडवणाऱ्या मॉन्ट्रियलच्या स्टुडिओकडे गेले तेव्हा तेवढेच वाईट वाटले. मी स्वतःही एका जुन्या खेळाची नवी आवृत्ती, जिचे नाव इथे घेत नाही, घेऊन पस्तावलो आहे. ती बसवल्यावर माझे सात वर्षांचे जतन केलेले डाव उघडेनासे झाले. याउलट ‘रेसिडेंट इव्हिल २’ १९९८ नंतर २०१९ मध्ये पायापासून नव्याने बांधला गेला आणि तो उत्तम उतरला, हेही मान्य केले पाहिजे. तो कथेचा आणि भीतीचा खेळ आहे, कथा दुसऱ्या तऱ्हेने सांगता येते. ‘एज’सारखा नियमांवर उभा असलेला खेळ पायापासून पुन्हा बांधू नये असे मला ठामपणे वाटते, कारण त्याचे नियम हीच त्याची कथा आहे.

मूळ खेळात भारत नव्हता. २०१३ मध्ये ‘इंडियन्स’ ही एकच संस्कृती आली आणि एप्रिल २०२२ मध्ये ‘डायनॅस्टीज ऑफ इंडिया’ या विस्ताराने तिच्या जागी हिंदुस्तानी, बंगाली, द्रविड आणि गुर्जर अशा चार संस्कृती दिल्या. द्रविडांची माणसे तमिळ बोलतात. गुर्जरांना मेंढ्या न मारता गिरणीत ठेवता येतात आणि त्यातून थोडे थोडे अन्न सतत मिळत राहते. हा नियम नवा असूनही जुन्या तोलाला धक्का लावत नाही, उलट मेंढ्या आज कापायच्या की राखायच्या असा एक नवा निर्णय देतो. नव्या आवृत्तीने भर घालायची ती अशी. एकूण संस्कृती आता चाळीसहून अधिक झाल्या आहेत आणि नवशिक्याला त्यांत वाट सापडणे अवघड जाते. भाच्याला मी महिनाभर ब्रिटन आणि गुर्जर यांच्यापुढे जाऊ दिले नाही.

देवगिरीच्या यादवांना किंवा आमच्या खानदेशच्या फारुकींना या यादीत स्वतंत्र जागा नाही. फारुकींनी आधी थाळनेर आणि मग बुऱ्हाणपूर येथून १३८२ ते १६०१ एवढा काळ राज्य केले, ही गोष्ट आमच्याकडच्या किती मुलांना ठाऊक असेल? त्यासाठी खेळाचा नकाशे तयार करण्याचा जुना विभाग उपयोगी पडला. मे महिन्यात भाचा आणि मी, आम्ही दोघांनी फारुकींच्या असीरगडाला अकबराने घातलेला वेढा मांडायला घेतला. हिंदुस्तानी संस्कृती घेऊन तिला खानदेशचे नाव दिले, खाली तापी वाहती केली, वर सातपुड्याची रांग उभी केली आणि अकबराची फौज उत्तरेकडून आणली.

उपयोगाच्या दोन गोष्टी सांगतो. मूळ खेळ एका सीडीत मावत असे, नव्याला सुमारे ३० जीबी जागा लागते. गावाकडच्या जोडणीवर तो उतरवायला मला तीन रात्री लागल्या. सर्वांत उच्च दर्जाची चित्रे वेगळी उतरवावी लागतात, ती नाही घेतली तरी माझ्या सात वर्षांच्या लॅपटॉपवर खेळ व्यवस्थित चालतो. खेळ मधूनमधून आपोआप जतन होतो, याचे महत्त्व भारनियमनाच्या काळात डाव गमावलेल्या माणसाला सांगायला नको. तेव्हा कॅफेत वीज गेली की चौघेही अंधारात बसून डाव कोणी जिंकला असता यावर तासभर बोलत असू.

असीरगडाचा नकाशा अजून पुरा झालेला नाही. अकबराचा वेढा महिनोन्‌महिने चालला होता, आमच्या नकाशात मात्र ट्रेबुशे, म्हणजे दगड फेकणारी यंत्रे, वीस मिनिटांत तट पाडतात. भाच्याने शाळेतून आल्यावर फोन करून सुचवले आहे की गडाकडे जाणारी वाट आणखी अरुंद करावी. या रविवारी तसे करून पाहणार आहे आणि धरणगावच्या मित्राला अकबराची बाजू देणार आहे.